बेंटन घराण्याचे आयरिस

इंग्लंडच्या पूर्व भागात सफोक नावाचा परगणा आहे आणि त्यात हॅडली नावाचे एक लहानसे गाव आहे. त्या गावात बेंटन एंड ह्या नावाचे एक जुने, ऐसपैस घर आहे. १९४० साली सेड्रिक मॉरिस हे चित्रकार आपले सहचर आर्थर लेट-हेन्स यांच्यासह ह्या घरात राहावयास आले. उभयतांनी १९३७ साली डेडम येथे चित्रकलेची एक शाळा काढली होती. परंतु १९३९ साली तिला आग लागली आणि इमारत बेचिराख झाली. तीच शाळा त्यांनी ह्या नव्या घरात पुन्हा थाटली. महायुद्धाचे दिवस होते. तशाही काळात मॉरिस यांनी घराभोवतीच्या जमिनीत बाग उभी केली, आणि पुढे चाळीस वर्षे कुंचला व कुदळ ही दोन्ही अवजारे त्यांच्या हाती सारख्याच सहजतेने खेळत राहिली.

मॉरिस यांची काही चित्रे लंडनच्या टेट संग्रहालयात आहेत. आयरिसच्या रोपांचे त्यांनी १९४३ साली काढलेले चित्रही त्यांत आहे. चित्र जपावयाचे तर भिंत, छप्पर आणि चांगला पहारेकरी एवढ्यावर भागते. परंतु ह्याच चित्रकाराने बागेत जी आयरिसची फुले घडविली, त्यांचे दैव निराळे होते. जवळजवळ नव्वद निरनिराळ्या जातींना त्यांनी नावे दिली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांच्या आत त्यांतील बहुतेक जाती कोठे गेल्या हे सांगणे कठीण होऊन बसले. त्या हरवल्या कशा, काही परत सापडल्या कशा, आणि अशा फुलाची निगा राखावयाची तर काय करावे लागते, हे येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी आयरिस पाहिलेले नसणार, म्हणून आधी त्याची ओळख करून घेऊ. नागपंचमीच्या सुमारास पातोळ्यांसाठी आपण परसातून हळदीची पाने तोडतो. त्या पानांखाली मातीत हळदीचा जो गड्डा असतो, ते मूळ नव्हे. ते जमिनीत आडवे वाढणारे खोड होय. शास्त्रात त्याला मूलक्षोड म्हणतात. आपण येथे गड्डाच म्हणू. आयरिसलाही असाच गड्डा असतो, बोटभर किंवा त्याहून थोडा जाड, आणि त्याच्या टोकाला पात्यांचा पंखा फुटतो. ही पाने हळदीसारखी रुंद नसतात. तलवारीसारखी लांब, टोकदार, एकाच्या कुशीत दुसरे अशी बसलेली असतात. ज्यांनी वेखंडाचे झाड पाहिले आहे त्यांना हे पान ओळखीचे वाटेल. युरोपातील ओढ्याकाठी उगवणाऱ्या पिवळ्या आयरिसचे शास्त्रीय नाव ठेवताना वनस्पतिशास्त्रज्ञांनाही ह्याच साम्याचा मोह पडला. त्या नावाचा अर्थ 'खोटे वेखंड' असाच होतो. मात्र वेखंडाला पाणथळ जागा हवी असते, आणि आम्ही ज्या आयरिसविषयी लिहीत आहो त्याला पाणथळ जागेसारखा वैरी नाही. हा भेद पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

फुलाची रचना मोठी नामी आहे. त्याला सहा पाकळ्या असतात. त्यांतील तीन वर उभ्या राहून एकमेकींकडे झुकतात व घुमटी करतात. उरलेल्या तीन बाहेरच्या बाजूस लोंबतात. लोंबत्या प्रत्येक पाकळीच्या मध्यावर, गळ्याशी, बारीक केसांची एक दाट पट्टी असते. हीच त्याची दाढी, आणि तिच्यावरूनच ह्या वर्गाला दाढीचे आयरिस म्हणतात. ज्यांचा दांडा सत्तर सेंटिमीटरांहून उंच जातो ते उंच दाढीचे आयरिस. मॉरिस यांनी घडविलेली फुले ह्याच वर्गातली. आयरिस हे ग्रीकांच्या इंद्रधनुष्याच्या देवतेचे नाव, आणि फुलाला ते शोभते. पांढरा, पिवळा, निळा, जांभळा, तपकिरी, शेंदरी, एवढेच काय, जवळजवळ काळा म्हणता येईल इतका गडद रंगही ह्या फुलात सापडतो. एक भडक तांबडा तेवढा कोणालाच साधलेला नाही.

भुंगा लोंबत्या पाकळीवर उतरतो. दाढीच्या वाटेने तो आत मधाकडे शिरू लागला की वर छपरासारखा एक भाग त्याच्या पाठीला घासतो. त्या भागाच्या कडेला एक बारीकशी ओठासारखी पट्टी असते, तो किंजल्क. भुंग्याच्या पाठीवर आधीच्या फुलाचे पराग असतील तर ते तेथे पुसले जातात. आणखी आत गेल्यावर परागकोश लागतो व नवे पराग पाठीवर चढतात. बाहेर येताना ओठाची मागची बाजू लागते आणि ती पराग घेत नाही. स्वतःचे पराग स्वतःला लागू नयेत अशी ही योजना आहे. संकर करणारा माणूस भुंग्याचेच काम चिमट्याने करतो. एका फुलातील परागकोश अलगद खुडावा, दुसऱ्या फुलाच्या त्या ओठावर हलकेच फिरवावा, आणि कोणते फूल कोणाला दिले हे चिठ्ठीवर लिहून ती दांड्याला बांधावी. फळ पिकले की बी निघते. शरद ऋतूत पेरलेले बी वसंतात रुजते, आणि रोपाला पहिले फूल यावयास दोनतीन वर्षे लागतात.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण सगळे प्रकरण तिच्यावर उभे आहे. ह्या बियांतून उगवणारे प्रत्येक रोप निराळे असते. मानकुराद आंब्याची कोय लावली तर उगवणाऱ्या झाडाला मानकुरादच धरेल असे नाही. खात्री हवी तर मानकुरादचे कलमच बांधले पाहिजे, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. आयरिसचे तसेच आहे. एखादे रोप मनाजोगे निघाले आणि त्याला नाव दिले, तर पुढे त्या जातीचे प्रत्येक झाड म्हणजे त्या पहिल्या रोपाच्या गड्ड्याचाच तुकडा असला पाहिजे. पृथ्वीवर त्या नावाची हजार झाडे असोत, ती सारी मिळून एकच झाड होय. फक्त ते हजार ठिकाणी उभे आहे. शेवटचा तुकडा कुजला की जात संपली. मग तिचे बी, तिचे चित्र, तिचे सविस्तर वर्णन, ह्यांतील काहीही तिला परत आणू शकत नाही.

मॉरिस दरवर्षी हजारापर्यंत रोपे वाढवीत असत. त्यांतील बहुतेक पहिल्या फुलानंतर कचऱ्याच्या ढिगावर जात. निवड करताना त्यांची नजर चित्रकाराची असे. बाजारात मोठ्या, जाड, भडक फुलांना मागणी होती, पण मॉरिस यांना फुलाचा डौल हवा असे. दांडा व फूल यांचे प्रमाण हवे असे. आणि रंग असे हवे असत की ज्यांना चटकन नाव देता येऊ नये. धुरकट जांभळा, राखेत मिसळलेला पिवळा, फिकट गुलाबी. पांढऱ्या किंवा मलईच्या रंगाच्या पाकळीच्या कडेला गडद रंगाची बारीक शिवण घातल्यासारखी नक्षी असलेली फुले त्यांना विशेष आवडत. निवडलेल्या बहुतेक जातींना त्यांनी घराचेच नाव आडनावासारखे लावले. बेंटन नायजेल, बेंटन सुसान, बेंटन ऑलिव्ह, बेंटन कॉर्डेलिया अशी ही सारी मंडळी एका घराण्याची झाली. मित्रांची नावे त्यांत आहेत, आणि बेंटन मेनेस हे तर त्यांच्या मांजराचे नाव. मांजराला असा मान मिळाल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस आठवत नाही.

बेंटन कॉर्डेलिया ह्या जातीला १९५५ साली डाइक्स पदक मिळाले. आयरिसच्या बाबतीत इंग्लंडात ह्याहून मोठा मान नाही. फूल फिकट जांभळट गुलाबी, आणि त्यावर शेंदरी दाढी. पदक ज्यांच्या नावाने दिले जाते ते विल्यम रिकॅट्सन डाइक्स हे चार्टरहाउस शाळेत शिक्षक होते. वर्गात शिकवावे आणि उरल्या वेळात जगभरचे आयरिस लावून त्यांचा अभ्यास करावा असा त्यांचा क्रम. १९१३ साली त्यांनी ह्या एका वनस्पतीवर जो ग्रंथ लिहिला, तो आजही अभ्यासक उघडून पाहतात. १९२५ साली मोटार अपघातात त्यांचा अंत झाला. त्यांच्याही आधी केंब्रिजचे शरीरशास्त्राचे प्राध्यापक मायकेल फॉस्टर यांनी तुर्कस्तान व काश्मीर ह्या भागांतून, तेथे राहणाऱ्या ओळखीच्या लोकांकरवी, मोठ्या फुलांचे आयरिस मागवून त्यांचा संकर आरंभिला होता. त्या पूर्वेकडच्या झाडांत गुणसूत्रांची संख्या जुन्या युरोपीय झाडांच्या दुप्पट, म्हणजे २४ ऐवजी ४८ होती. आजच्या उंच आयरिसची भरघोस फुले ही त्या संकराची देणगी. फॉस्टर यांच्या एका पांढऱ्या जातीचे नावच 'काश्मीर व्हाइट' असे होते. काश्मिरात आजही कबरींवर पांढरी व जांभळी आयरिस लावलेली दिसतात. तेव्हा हे फूल अगदीच परके आहे असे म्हणता येणार नाही.

सेड्रिक मॉरिस १९८२ साली वारले, त्या वेळी त्यांचे वय ९२ होते. घर दुसऱ्याच्या हाती गेले. बागेतील काही झाडे स्नेह्यासोबत्यांनी वाटून घेतली, पण आयरिसकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. मधल्या काळात फुलांची फॅशन बदलली होती. अमेरिकेतून रुंद, झालरदार पाकळ्यांच्या नव्या जाती येत होत्या आणि रोपवाटिकांच्या सूचीपत्रांतून बेंटन घराण्याची नावे एकेक करून गळत गेली. जी झाडे कोणाकोणाच्या परसात उरली, त्यांच्या पाट्या गळून पडल्या. झाड जिवंत, फूल दर वर्षी येते, पण ते कोण हे कोणासच ठाऊक नाही. आम्हांस वाटते, हा हरवण्याचा प्रकार मरण्याहून विचित्र आहे. मेलेल्याचा निदान शोक होतो. येथे हरवलेली वस्तू रोज डोळ्यांसमोर असते आणि तिच्याजवळून माणूस निघून जातो.

सिसिंगहर्स्ट येथील प्रसिद्ध उद्यानात सारा कुक ह्या प्रमुख माळीण होत्या. त्या उद्यानात बेंटन घराण्यातली काही झाडे जुन्या काळापासून होती, आणि त्यांच्यामुळे बाईंचे कुतूहल जागे झाले. निवृत्तीनंतर त्या सफोकमध्ये राहावयास गेल्या आणि त्यांनी उरलेल्यांचा शोध आरंभिला. इंग्लंडातील जुन्या बागा, छंदी लोकांचे वाफे, परदेशांतील संग्रह, जेथून म्हणून काही कळेल तेथे विचारपूस केली. नुसते झाड मिळून भागत नव्हते. ते खरोखर त्याच नावाचे आहे हे ताडून पाहावे लागे. त्यासाठी फूल येईपर्यंत थांबावयाचे, आणि मग जुन्या नोंदी काढावयाच्या. आयरिसच्या जातींची नोंदणी अमेरिकन आयरिस सोसायटी करते व दर दहा वर्षांनी त्यांच्या याद्या छापते. त्यांतील वर्णन किती त्रोटक असते हे ज्याने वाचले आहे त्यालाच ह्या कामाची कल्पना येईल. एका ओळीत उंची, रंगाची खूण आणि आईबापांची नावे एवढेच तेथे असते. उभ्या पाकळीचा रंग जुळतो पण दाढीचा जुळत नाही, दाढी जुळते पण उंची जुळत नाही, असे झाले की पुन्हा वर्षभर थांबावयाचे, कारण फूल वर्षातून एकदाच येते. अशा रीतीने अनेक वर्षे खपून बाईंनी सुमारे पंचवीस जाती गोळा केल्या, आणि २०१५ साली चेल्सी येथील पुष्पप्रदर्शनात त्या एकत्र मांडल्या. पुढे बेंटन एंड हे घरही लंडनच्या उद्यान-संग्रहालयाच्या देखरेखीखाली आले आणि तेथील बाग पुन्हा उभी करण्याचे काम सुरू झाले. नव्वदांतील बऱ्याच जातींचा ठाव मात्र लागलेला नाही.

आता लागवडीकडे वळू. पुढील माहिती इंग्लंडातील हवामानाला धरून आहे. काश्मीर, हिमाचल, कुमाऊं अशा थंडीच्या प्रदेशातही थोड्या फरकाने ती लागू पडते.

ह्या फुलाला तीन गोष्टी हव्यात: ऊन, निचरा आणि हिवाळ्याची थंडी. निदान अर्धा दिवस तरी थेट ऊन पाहिजे. माती भुसभुशीत असावी. चिकण असल्यास वाळू, बारीक खडी मिसळून वाफा वीतभर उंच करावा, म्हणजे पाणी साचत नाही. माती आंबट असल्यास थोडा चुना घालतात. शेणखताचा मारा करू नये. जास्त नत्र मिळाले की पाने माजतात, गड्डा मऊ पडतो, आणि मऊ गड्डा हमखास कुजतो. हाडांचा चुरा थोडासा दिला तरी पुरे.

लावण्याचा काळ फुले येऊन गेल्यानंतरचा, जुलैपासून सप्टेंबरपर्यंत. ह्या दिवसांत जुनी मुळे थकलेली असतात व नवी फुटू लागतात. पाने कात्रीने कापून वीतभर ठेवावी, नाहीतर वाऱ्याने गड्डा हलतो आणि मुळे धरत नाहीत. मातीत एक लहान खड्डा करून त्याच्या मधोमध मातीचाच बारीक उंचवटा करावा. गड्डा त्या उंचवट्यावर घोड्यावर स्वार बसवावा तसा बसवावा आणि मुळे दोन्ही अंगांनी खाली सोडावी. मग माती ओढून मुळे दाबावी. गड्ड्याची पाठ मात्र उघडीच ठेवावी. हळद, आले, सुरण लावणाऱ्या हातांना हे पटत नाही. आपला हात सवयीने माती ओढतो. पण ह्या गड्ड्याला ऊन लागले पाहिजे. उन्हाने तो तापतो, पक्का होतो, आणि पुढच्या वर्षाचे फूल त्याच्यात तयार होते. दोन गड्ड्यांत हात-सव्वा हात अंतर ठेवावे, आणि पानांचा पंखा एका दिशेस तोंड करून लावावा, कारण गड्डा पंख्याच्या दिशेने पुढे सरकत जातो. मुळे धरेपर्यंत बेताने पाणी द्यावे. त्यानंतर इंग्लंडात तरी पावसावरच भागते.

वसंतात दांडा वर येतो आणि मेच्या मध्यापासून जूनच्या आरंभापर्यंत फुले येतात. एक फूल दोनतीन दिवसच टिकते, पण एका दांड्यावर अनेक कळ्या असतात व त्या पाळीपाळीने उमलतात. ज्या गड्ड्याने एकदा फूल दिले तो पुन्हा कधीही फूल देत नाही. त्याच्या कुशीला जी पिले फुटतात ती पुढील वर्षी किंवा त्यानंतर फुलतात, तीही बाहेरच्या बाजूस. म्हणून तीनचार वर्षांत मधला भाग ओसाड होतो आणि कडेला दाटी होते. तेव्हा सारा झुबका उपटावा, धारदार सुरीने कडेची जोमदार पिले कापून घ्यावी, मधली जुनी खोडे फेकून द्यावी, आणि पिले नव्या जागी लावावी. एका झुबक्यातून आपल्याला लागतात त्यापेक्षा कितीतरी जास्त पिले निघतात. ती शेजाऱ्यांना द्यावी हे बरे. हा केवळ औदार्याचा प्रश्न नाही. एकाच बागेत असलेली जात एका वाईट पावसाळ्याने संपू शकते. दहा बागांत असलेली संपत नाही. बेंटनच्या ज्या जाती वाचल्या, त्या अशा दिल्याघेतल्यानेच वाचल्या.

रोगांपैकी भयंकर तो एकच, गड्ड्याची मऊ कूज. हा एका सूक्ष्म जंतूचा उपद्रव असून जखमेतून किंवा ओलाव्याने नरम पडलेल्या भागातून तो आत शिरतो. पानांचा पंखा एकाएकी पिवळा पडून कलंडतो, आणि गड्डा दाबला तर आत लगदा व घाण वास. अशा वेळी सडलेला भाग निरोगी पांढरा गर दिसेपर्यंत खरवडून काढावा, गड्डा दोनतीन दिवस उन्हात ठेवावा, सुरी जंतुनाशकाने धुवावी व मगच दुसऱ्या झाडाला लावावी. पानांवर तपकिरी ठिपके येतात, ती पाने शरद ऋतूत काढून जाळावी. गोगलगाई कोवळ्या कळ्या खातात. त्या रात्री दिवा घेऊन वेचाव्या लागतात.

एक काम मात्र बहुतेक लोक विसरतात. फुले सुकताच दांडा बुडापासून कापून टाकावा. न कापल्यास कधी कधी भुंग्यांच्या कृपेने फळ धरते, बी खाली पडते, आणि त्याच झुबक्यात नवे रोप उगवते. हे रोप निराळ्या गुणांचे, बहुधा जुन्याहून आडदांड. चारपाच वर्षांत ते मूळ झाडाला दाबून टाकते. पाटी तीच, जागा तीच, मालकाचा विश्वासही तोच. झाड मात्र दुसरेच. पानिपतानंतर भाऊसाहेबांचे नाव सांगत आलेल्या तोतयाने पुण्यात केवढी खळबळ उडविली हे आपण इतिहासात वाचतो. बागेतील तोतया तर तोंडाने काही बोलतही नाही. म्हणून जाणते लोक पाटी झाडाजवळ रोवतात, तिची एक जोड मातीत गड्ड्यापाशी पुरतात, आणि शिवाय वहीत वाफ्याचा नकाशा काढून कोणती जात कोठे आहे हे लिहून ठेवतात. पाटी कोंबडी उकरते, पाऊस पुसतो, मुले खेळण्यास नेतात. वहीचे तसे होत नाही.

हे सारे वाचून कोणी म्हणेल की मग आपल्या शाळेच्या बागेत का लावू नये? आम्ही लावून पाहिले आहे. एका स्नेह्यांनी हिमाचल प्रदेशातून आयरिसचे दोन गड्डे आणून दिले होते. त्यांतील एक विहिरीकडच्या वाफ्यात लावला. लावणाऱ्या मुलांनी तो हळदीप्रमाणे चार बोटे खोल पुरला, आणि आम्हीही त्या वेळी त्यांना अडवले नाही, कारण आम्हांसही तेच योग्य वाटले होते. सफोक परगण्यात वर्षभरात साधारण सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्याकडे एकट्या जुलैत त्याहून अधिक. श्रावण लागण्यापूर्वीच तो गड्डा सडला. उकरून पाहिला तेव्हा वर्गातील मुलींनी नाके दाबली.

दुसरा गड्डा मात्र शहाणे होऊन निम्मी वाळू घातलेल्या कुंडीत, पाठ उघडी ठेवून, व्हरांड्याच्या वळचणीच्या आत लावला. तो जगला. तीन वर्षे झाली, त्याला चार पिले फुटली आहेत आणि पानेही चांगली हिरवीगार आहेत. फूल आलेले नाही, व येणारही नाही, कारण फुलासाठी त्याला जी थंडी लागते ती आमच्या डिसेंबरात कोठून येणार? विहिरीकडच्या वाफ्यात त्याऐवजी सोनटक्का लावला आहे, आणि त्याला पाऊस कितीही चालतो.

मुले कधी कधी कुंडीपाशी थांबून त्या झाडाचे नाव विचारतात. आयरिस एवढे आम्ही सांगतो. पण कोणते आयरिस, हे देणाऱ्या स्नेह्यांनाही माहीत नव्हते. त्यांना ज्याने दिले त्याने सांगितले नव्हते. फूल आल्याशिवाय ते ओळखता येणार नाही. म्हणून कुंडीत रोवलेली पाटी आम्ही अजून कोरीच ठेवली आहे. येत्या उन्हाळ्यात एक विद्यार्थी आपल्या मामांकडे नैनितालास जाणार आहे, त्याच्याबरोबर दोन पिले देण्याचे ठरले आहे. कोठून आली, कधी दिली, हे चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी पिलांना बांधून ठेवली आहे.